तळपायाची आग आणि नैराश्यावरच्या गोळ्या

मधुमेह जुना होत गेला की अनेकांच्या पायांत एक विचित्र दुखणे घर करते. दिवसा कामाच्या रगाड्यात ते मागे पडते, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपाय पेटतात. कुणाला सुया टोचल्यासारखे होते, कुणाला मधूनच विजेचा झटका बसतो, कुणाच्या पायाला मुंग्या येतात त्या जातच नाहीत, आणि कित्येकांना पायांवर चादरीचा स्पर्शही सोसत नाही. थंड फरशीवर पाय ठेवून, ओले फडके गुंडाळून, तेल चोळून रात्री काढल्या जातात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. त्या पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. ढोबळमानाने निम्म्या मधुमेहींच्या मज्जातंतूंना कधी ना कधी इजा होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ही वेदना भोगावी लागते. वर्षानुवर्षे त्यांच्या हाती पडतात त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि साध्या पेनकिलर. मग एखादा डॉक्टर अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून देतो. घरी कुणीतरी मोबाइलवर नाव शोधते, ते औषध नैराश्यावरचे निघते, आणि गोळी कपाटातच राहते. ‘पाय दुखतात म्हणून गेलो, तर डोक्याचे औषध दिले’ अशी तक्रार होते. या औषधांमागचा साठएक वर्षांचा पुरावा एकत्र पाहिला तर निष्कर्ष स्पष्ट आहे. ही औषधे मज्जातंतूंच्या वेदनेवरची स्वतंत्र औषधे आहेत. त्यांचा गुण बेताचा आहे, पण खरा आहे. आणि त्यांतले कोणते निवडले यापेक्षा ते कसे सुरू केले, कसे वाढवले आणि कुणाला दिले यावर रुग्णाचे हित जास्त अवलंबून आहे.

ही वेदना नेहमीच्या दुखण्यासारखी नसते. पाय मुरगळला की तिथल्या पेशींना इजा होते, सूज येते, आणि शाबूत मज्जातंतू ती खबर मेंदूकडे नेतात. मधुमेहात खबर नेणारा तंतूच बिघडलेला असतो. दीर्घकाळ वाढलेली साखर तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना हळूहळू पोखरते. शरीरातले सर्वांत लांब तंतू पायांच्या बोटांपर्यंत गेलेले असतात, म्हणून सुरुवात तिथून होते आणि बिघाड मोजा चढवावा तसा वर सरकतो. जखमी तंतू कारण नसताना संदेश सोडू लागतात. त्यांच्या सततच्या माऱ्याने मज्जारज्जूतील पेशी हळव्या होतात आणि साधा स्पर्शही वेदना म्हणून पुढे पाठवतात. म्हणून एकाच पायाला टाचणी टोचलेली कळत नाही आणि त्याच पायाची रात्रभर आगही होते. तपासायला गेलेल्या रुग्णाला डोळे मिटायला सांगून १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला लावतात. अंगठ्याखाली, टाचेकडे धागा वाकेपर्यंत दाबला तरी रुग्ण ‘लागला’ असे म्हणत नाही, आणि पाच मिनिटांपूर्वी त्यानेच पायाची आग होते म्हणून सांगितलेले असते. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन सूज आणणाऱ्या रसायनांवर काम करतात. इथे ती सूजच नाही, त्यामुळे त्यांचा उपयोग फारसा होत नाही. उलट मधुमेहाने आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडतो. या रुग्णांना महिनोन्महिने पेनकिलर घ्यायला लावणे हा उपचार नव्हे, तो अपाय आहे.

नैराश्यावरची औषधे या वेदनेकडे वळली ती आडवाटेने. स्विस मनोविकारतज्ज्ञ रोलान्ड कून यांनी १९५७ साली इमिप्रॅमिनमुळे नैराश्य उतरते हे जाहीर केले. १९६० मध्येच फ्रान्समधून त्याच औषधाने जुनाट वेदना कमी झाल्याची नोंद आली. अमिट्रिप्टिलिन अमेरिकेत १९६१ साली मंजूर झाले. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूत वेदनेला वाट देणारे किंवा अडवणारे एक ‘दार’ असते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते लोटू शकतात, असा सिद्धांत मांडला. त्यामुळे मेंदूच्या रसायनांवर चालणारे औषध पायाच्या वेदनेवर का चालावे, याचा विचार करायला जागा मिळाली. १९७७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मधुमेही मज्जातंतुविकारात अमिट्रिप्टिलिन आणि फ्लुफेनॅझिन या जोडीने वेदना झपाट्याने उतरल्याचा वृत्तांत छापून आला. ते मोजकेच रुग्ण होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. १९८४ साली डेन्मार्कमध्ये बारा रुग्णांवर इमिप्रॅमिनची प्लॅसिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना झाली आणि औषध सरस ठरले. तरीही एक आक्षेप उरला, आणि तो योग्य होता. सतत दुखणारा माणूस खचतो. मन सावरले की त्याला दुखणे कमी वाटते. मग ही औषधे वेदना कमी करतात, की फक्त मनाला उभारी देतात?

या आक्षेपाला सर्वांत नेमके उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मिचेल मॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. १९८७ साली त्यांनी २९ मधुमेही रुग्णांना काही आठवडे अमिट्रिप्टिलिन आणि काही आठवडे प्लॅसिबो दिले. कोणता टप्पा कशाचा हे रुग्णांनाही माहीत नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. प्लॅसिबो म्हणजे नुसती खडूची गोळीही नव्हती. ती अमिट्रिप्टिलिनच्या दुष्परिणामांची नक्कल करणारी होती, म्हणजे तोंडाला कोरड पडली म्हणून ‘हेच खरे औषध’ असे रुग्णाला ओळखता येऊ नये. ज्यांची मनःस्थिती ठीक होती त्यांची वेदनाही, नैराश्य असलेल्यांइतकीच, कमी झाली. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला त्यांचाच दुसरा अभ्यास आणखी बोलका आहे. त्यात अमिट्रिप्टिलिन घेताना ७४ टक्के रुग्णांना मध्यम किंवा त्याहून चांगला आराम पडला आणि डेसिप्रॅमिन घेताना ६१ टक्क्यांना. फ्लुओक्सेटिनला, म्हणजे त्या काळी नैराश्यासाठी जगभर गाजत असलेल्या नव्या गोळीला, हा आकडा ४८ टक्के आला आणि प्लॅसिबोला ४१ टक्के. पहिली दोन औषधे नैराश्य असो वा नसो, सारखीच चालली. फ्लुओक्सेटिनचा उपयोग फक्त ज्यांना नैराश्य होते त्यांनाच झाला. मन सुधारल्यामुळेच वेदना उतरत असती, तर नैराश्यावर चांगली चालणारी फ्लुओक्सेटिन इथे प्लॅसिबोच्या जवळपास रेंगाळली नसती. या एका तुलनेने ‘डोक्याचे औषध’ ही समजूत निराधार ठरते. रुग्णाच्या घरच्यांना कुणी एकच अभ्यास समजावून सांगायचा असेल, तर तो हा सांगावा.

फरक कशामुळे पडतो याचे उत्तर नॉरअ‍ॅड्रेनलिनमध्ये आहे. मेंदूच्या बुंध्यापासून मज्जारज्जूत उतरणारे काही तंतू सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडून वेदनेचे संदेश थोपवतात. जखमेकडे लक्ष द्यायची सोय नसते तेव्हा, अपघाताच्या धामधुमीत, माणसाला दुखणे जाणवत नाही ते याच व्यवस्थेमुळे. सोडलेले रसायन पेशी पुन्हा शोषून घेतात. हे शोषण अडवले की रसायन जास्त वेळ काम करते. अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही सगळी नॉरअ‍ॅड्रेनलिनचे शोषण कमी-अधिक प्रमाणात अडवतात. फ्लुओक्सेटिनचा मुख्य भर एकट्या सेरोटोनिनवर आहे, आणि वेदनेसाठी तेवढे पुरत नाही. अमिट्रिप्टिलिनच्या जुन्या कुळातील औषधे शिवाय जखमी तंतूंतल्या सोडियमच्या वाटा काही अंशी बंद करतात, त्यामुळे तंतूंचे विनाकारण संदेश सोडणेही मंदावते. इस्रायलमधील डेव्हिड यार्निट्स्की यांच्या गटाने २०१२ साली मधुमेही रुग्णांमध्ये ही शरीराची स्वतःची वेदना रोखण्याची ताकद आधी मोजली आणि मग ड्युलोक्सेटिन दिले. ज्यांची ही ताकद खालावलेली होती त्यांनाच औषधाचा जास्त गुण आला. औषध जे कमी आहे ते भरून काढते, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिनची जी मात्रा लागते ती नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते आणि परिणामही लवकर, बहुधा एक-दोन आठवड्यांत, दिसू लागतो, हेही या दोन कामांचे वेगळेपणच दाखवते.

गुण बेताचा आहे, असे वर म्हटले त्याचा हिशेब आता मांडायला हवा. ड्युलोक्सेटिनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २००४ मध्ये मधुमेही मज्जातंतूंच्या वेदनेसाठी मान्यता दिली. खास या दुखण्यासाठी तिथे मान्यता मिळालेले ते पहिले औषध. ज्या चाचण्यांवर ती उभी आहे त्यांतली एक ४५७ रुग्णांवर १२ आठवडे चालली. दिवसाला ६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांची वेदना निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली, आणि प्लॅसिबो घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांची. शंभरातल्या २३ जणांना जो जादा फायदा झाला, तो औषधाचा. १२० मिलिग्रॅमचा आकडा ५२ टक्के होता, म्हणजे दुप्पट मात्रेने जवळजवळ काहीच वाढले नाही, फक्त दुष्परिणाम वाढले. अनेक चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने २०१४ साली काढलेला निष्कर्षही असाच आहे. साधारण पाच रुग्णांना ड्युलोक्सेटिन दिले तर प्लॅसिबोच्या तुलनेत एक जास्तीचा रुग्ण निम्म्या वेदनेपर्यंत पोचतो. हे ऐकून कुणी म्हणेल, मग चार जणांना ते फुकटच का द्यायचे? पण त्या चारांत आराम पडलेलेही असतात, ते प्लॅसिबोनेही सुधारले असते इतकेच. आणि मज्जातंतूंच्या वेदनेवर याहून ठळक यश खात्रीने देणारे औषध आज कुणापाशी नाही. याच वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन यांचा गुण २०१५ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’तील मोठ्या आढाव्यात याहून थोडा कमीच भरला. तिथे एका जास्तीच्या यशस्वी रुग्णासाठी जुन्या कुळातील औषधे ३.६ जणांना, ड्युलोक्सेटिनच्या गटातील ६.४ जणांना आणि प्रेगाबालिन ७.७ जणांना द्यावे लागते असे दिसले. रुग्णाला सुरुवातीलाच सांगावे की दहापैकी आठ असलेली वेदना चारवर आली तर ते मोठे यश आहे. शून्याची आशा लावली तर चारवर आलेली वेदनाही अपयश वाटते आणि गोळी सुटते.

पुराव्यावरचा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. अमिट्रिप्टिलिनच्या चाचण्या लहान, जुन्या आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत, आणि लहान चाचण्यांत फायदा फुगून दिसतो. वरच्या ३.६ या आकड्यालाही तीच मर्यादा आहे. २०१५ साली कॉक्रेनने अमिट्रिप्टिलिनचा आढावा घेतला तेव्हा भरवशाचा, पूर्वग्रहाची शंका नसलेला पुरावा जवळपास सापडला नाही. मात्र दशकानुदशके असंख्य रुग्णांना आलेला गुण दुर्लक्षिता येत नाही, हेही त्याच आढाव्याने लिहिले. ड्युलोक्सेटिनचे उलटे आहे. त्याच्या चाचण्या मोठ्या आणि नीट झाल्या, पण त्यांतल्या पुष्कळ औषध विकणाऱ्या कंपनीच्याच पैशांतून. २०२३ साली सर्व प्रकारच्या जुनाट वेदनेवरील नैराश्यविरोधी औषधांच्या १७६ चाचण्या आणि २८,६६४ रुग्ण यांचा एकत्र विचार झाला. त्यात पुराव्याच्या भक्कमपणात ड्युलोक्सेटिन सगळ्यांत वर राहिले आणि ६० मिलिग्रॅमच्या वर जाण्यात लाभ नाही हे पुन्हा दिसले. अमिट्रिप्टिलिनबाबतचा पुरावा कमी खात्रीचा ठरला. त्यावरून काही जण ‘जुनी गोळी टाकून द्या, नवी घ्या’ असा अर्थ काढतात. तो मला चुकीचा वाटतो. पुरावा कमी असणे वेगळे आणि औषध न चालणे वेगळे. ज्या गोळीचे पेटंट कधीच संपले आणि जी पैशांत मिळते, तिच्यावर कोट्यवधी खर्चून चाचणी करण्यात कुणाचाच व्यापारी फायदा नसतो.

ही शंका दोन्ही औषधे समोरासमोर ठेवूनच फिटते, आणि तसे दोन चांगले अभ्यास आपल्यापाशी आहेत. पहिला भारतातलाच आहे. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ५८ मधुमेही रुग्णांना आळीपाळीने सहा-सहा आठवडे अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन देण्यात आले. अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून ५० पर्यंत, ड्युलोक्सेटिन २० पासून ६० पर्यंत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात चांगला आराम पडलेले रुग्ण अमिट्रिप्टिलिनवर ५५ टक्के होते आणि ड्युलोक्सेटिनवर ५९ टक्के. फरक नगण्य होता. तोंडाला कोरड मात्र अमिट्रिप्टिलिनने दुपटीहून जास्त जणांना पडली. दुसरा अभ्यास ब्रिटनमधला आहे, शेफील्डचे सोलोमन तेस्फाये यांच्या नेतृत्वाखाली १३ केंद्रांत झालेला, सरकारी निधीवर चाललेला, २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. त्यात १३० रुग्णांना आळीपाळीने तीन वाटांनी नेले: अमिट्रिप्टिलिन आणि गरज पडल्यास जोडीला प्रेगाबालिन, प्रेगाबालिन आणि गरज पडल्यास अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि गरज पडल्यास प्रेगाबालिन. प्रत्येक वाट १६ आठवड्यांची होती. दहापैकी सरासरी ६.६ वर असलेली वेदना तिन्ही वाटांनी ३.३ वर आली. एका औषधाने जवळपास एकतृतीयांश रुग्णांचे भागले. बाकीच्यांना दुसरे जोडावे लागले आणि त्यांची वेदना आणखी सरासरी एका अंकाने उतरली. कुठून सुरुवात केली याने शेवट बदलला नाही. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यांत उपयोगी अभ्यास आहे, कारण दवाखान्यात डॉक्टरला जो प्रश्न पडतो तोच त्याने विचारला.

शेवट सारखाच असेल तर निवड रुग्णाकडे पाहून करायची, आणि इथे खरे कौशल्य लागते. साठी उलटलेला, वीस वर्षांचा मधुमेह असलेला, प्रोस्टेट वाढलेला माणूस घ्या. रात्री अमिट्रिप्टिलिन घेऊन तो झोपला, दोनच्या सुमारास लघवीला उठला. गोळीच्या गुंगीत तो झटकन उभा राहतो. मधुमेहाने रक्तवाहिन्या आवळणारे तंतूही बिघडलेले असतात आणि गोळीने त्यांत भर घातलेली असते, म्हणून रक्तदाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. बधीर तळव्यांना जमिनीचा अंदाज नसतो. खुब्याचे हाड मोडायला एवढे पुरते. त्यातून लघवी तुंबली तर वेगळाच प्रसंग. अशा माणसाला अमिट्रिप्टिलिन द्यायचेच असेल तर ५ किंवा १० मिलिग्रॅमने, आणि त्याआधी झोपलेले असताना व उभे राहिल्यावर रक्तदाब मोजून. हृदयविकार असेल तर आधी ईसीजी हवा. दिवसाला १०० मिलिग्रॅम आणि त्यावरच्या मात्रांत अचानक हृदय बंद पडण्याचा धोका वाढल्याचे दिसलेले आहे, आणि वेदनेसाठी तेवढ्या मात्रेची गरजही नसते. बंद कोनाचा काचबिंदू आणि नुकताच हृदयविकाराचा झटका, या दोन्हींत हे औषध नको. वजन वाढते, तेही मधुमेह्याला नको असते. याच कुळातले नॉरट्रिप्टिलिन जरा सौम्य असते आणि वृद्धांना पुष्कळदा जास्त झेपते. उलट, चाळिशीतला, हृदय आणि लघवी ठीक असलेला, वेदनेने झोप उडालेला रुग्ण असेल तर रात्रीची अमिट्रिप्टिलिनची स्वस्त गोळी त्याच्यासाठी उत्तम. तिथे गुंगीही कामी येते. ड्युलोक्सेटिनने पहिल्या आठवड्यात मळमळ होते, भूक मंदावते, घाम येतो, काहींचा रक्तदाब थोडा चढतो, उपाशीपोटीची साखर किंचित वाढते. यकृताचा आजार असेल किंवा मूत्रपिंडे फारच निकामी झाली असतील तर ते टाळावे. त्याच्या जोडीला ट्रामाडॉल हे अफूजन्य वेदनाशामक दिले तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते, आणि आपल्याकडे ट्रामाडॉल सर्रास लिहिले जाते. ज्याला वेदनेबरोबर खरेच नैराश्यही आहे त्याला मात्र ड्युलोक्सेटिन बरे, कारण वेदनेसाठीची ६० मिलिग्रॅमची मात्रा नैराश्यालाही पुरते. अमिट्रिप्टिलिनच्या २५ मिलिग्रॅमने नैराश्य हटत नाही.

मूळ रोग तसाच ठेवून वेदना दाबणे कशाला, असा प्रश्न विचारी रुग्ण विचारतात. तो रास्त आहे. यांतली एकही गोळी मज्जातंतू दुरुस्त करत नाही. साखर आटोक्यात ठेवणे हीच मूळ गोष्ट. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहात काटेकोर नियंत्रणाने मज्जातंतुविकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या प्रकारात हा फायदा बराच कमी दिसतो. पण सुरू झालेली वेदना साखर उतरल्याने लगेच थांबत नाही. फार वर्षे चढलेली साखर काही आठवड्यांत एकदम खाली आणली तर वेदना उसळतेही. चांगली काळजी घेऊ लागल्यावरच पाय जास्त दुखू लागले म्हणून रुग्ण हताश होतो, तेव्हा त्याला हे कारण माहीत असायला हवे. दुसरे म्हणजे, आग थांबली म्हणून पाय बरा झाला असे नाही. बधिरपणा तसाच असतो. वेदना गेल्यावर तर पायाकडे जास्त बघावे लागते: रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा पाहणे, गरम पाण्याच्या शेकाआधी पाण्यात कोपर बुडवून पाहणे, घरातही अनवाणी न चालणे. बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ची कमतरता होते आणि तिनेही पायांना मुंग्या येतात, म्हणून ती तपासून घ्यावी. कमतरता असेल तर जीवनसत्त्व द्यायलाच हवे. ती नसताना मिथाइलकोबालामिनने, म्हणजे बी-१२च्याच एका रूपाने, मधुमेही वेदना कमी होते याला भक्कम आधार नाही, आणि तरीही आपल्याकडे पायाची तक्रार सांगणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या चिठ्ठीत ते असते.

इथेच आपल्या बाजारातल्या जोडगोळ्यांचा विषय येतो. प्रेगाबालिन ७५ मिलिग्रॅम आणि नॉरट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम एकाच गोळीत, किंवा प्रेगाबालिनबरोबर मिथाइलकोबालामिन, अशा गोळ्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेही असतात. दोन औषधे जोडण्याला माझा विरोध नाही. ब्रिटनच्या अभ्यासाने त्याला आधारच दिला आहे. पण तिथे एक औषध पुरेशा मात्रेपर्यंत नेऊन, सहा आठवडे पाहून, उरलेल्या वेदनेसाठी दुसरे जोडले होते. पहिल्याच दिवशी ठरीव मात्रेची जोडगोळी दिली की कशाने आराम पडला आणि कशाने गुंगी आली हे कधीच कळत नाही, आणि एक वाढवायचे, दुसरे कमी करायचे ही सोयच उरत नाही. नॉरट्रिप्टिलिनच्या १० मिलिग्रॅमवर रुग्ण वर्षानुवर्षे अडकून राहतो आणि ‘या गोळ्यांनी मला फरक पडत नाही’ असे ठरवून टाकतो. त्याच्या बाबतीत औषधाची परीक्षा झालेलीच नसते. अफूजन्य वेदनाशामकांचा मार्ग तर बंदच ठेवलेला बरा. अमेरिकेच्या मज्जाशास्त्र अकादमीने २०२२ च्या मार्गदर्शनात या वेदनेसाठी ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉलसह कोणतेही अफूजन्य औषध वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि जुन्या कुळातील नैराश्यविरोधी औषधे, ड्युलोक्सेटिनचा गट, गॅबापेंटिनचा गट आणि सोडियमच्या वाटा बंद करणारी औषधे यांना जवळपास सारखे स्थान दिले आहे.

सवय लागेल, ही भीती घरोघरी ऐकू येते. अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिनची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही, मात्रा आपोआप चढत जात नाही. त्या बाबतीत प्रेगाबालिनकडेच जास्त लक्ष ठेवावे लागते. पण अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन एकदम बंद केले तर चक्कर, मळमळ, अस्वस्थपणा, झोपमोड, अंगातून करंट गेल्यासारखे वाटणे असे त्रास होतात. हे त्रास व्यसनाचे लक्षण नाहीत, औषध उतरवायची रीत चुकल्याचे आहेत. दुसरी एक गोष्ट मात्र भीती बाळगण्यासारखी आहे आणि ती फारशी बोलली जात नाही: अमिट्रिप्टिलिनच्या जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्या तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. घरात लहान मूल असेल किंवा रुग्ण खूप खचलेला असेल तर महिना-दोन महिन्यांचा साठा एकदम देऊ नये. २५ वर्षांखालच्या रुग्णांत ही औषधे सुरू केल्यावर आत्महत्येचे विचार बळावण्याचा इशारा दिलेला आहे, तोही विसरू नये.

प्रत्यक्षात औषध देण्याची रीत साधी आहे, पण तिला चिकाटी लागते. अमिट्रिप्टिलिन झोपायच्या एक-दोन तास आधी १० मिलिग्रॅम, आठवड्याने सोसवले तर २५, मग ५०, आणि फार तर ७५. ड्युलोक्सेटिन आठवडाभर ३० मिलिग्रॅम जेवणानंतर, मग ६०. सोसवणारी पूर्ण मात्रा गाठल्यावर चार ते सहा आठवडे थांबून मगच निकाल द्यायचा. रुग्णाने रोज झोपताना वहीत शून्य ते दहामधला एक आकडा लिहावा, आणि शेजारी किती तास झोप लागली तेही. आकडा तिसऱ्या हिश्शाने उतरला तर औषध चालले असे धरतात. नाही उतरला तर दुसऱ्या गटाचे औषध, किंवा जोड. इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१३ सालापासून हेच सांगितले आहे की अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन यांपैकी एकाने सुरुवात करावी, आणि ते लागू पडले नाही तर उरलेल्यांतले दुसरे घ्यावे. यासाठी रुग्णाने महिनाभरात दोनदा डॉक्टरकडे यावे लागते, आणि डॉक्टरने पहिल्या भेटीतच दहा मिनिटे बसून ही गोळी तुमच्या नसांसाठी आहे, तोंड कोरडे पडेल, पहिले चार दिवस सुस्ती येईल, पण सोडू नका, हे सांगावे लागते. गर्दीच्या ओपीडीत ही दहा मिनिटे मिळत नाहीत, हे मला कळते. तरी महागडी तपासणी किंवा नवी गोळी यांहून हीच दहा मिनिटे या रुग्णाला जास्त उपयोगी पडतील.

एक प्रश्न मात्र कोणत्याही चाचणीने सोडवलेला नाही. २०२३ च्या त्या आढाव्यातील चाचण्या सरासरी दहा आठवड्यांच्या होत्या, आणि रुग्ण या गोळ्या वर्षानुवर्षे घेतात. दोन वर्षांनी गुण तेवढाच राहतो का, वेदना आपणहून ओसरलेली असते का, हे त्यांतून कळत नाही. मज्जातंतू पुरते निकामी झाले की काहींची आग विझतेही, आणि गोळी मात्र सवयीने चालूच राहते. म्हणून दर सहा महिन्यांनी वही उघडावी. आकडा बराच काळ तीनच्या खाली असेल तर अमिट्रिप्टिलिन ५० वरून २५ वर, आणखी दोन आठवड्यांनी १० वर आणावे, ड्युलोक्सेटिन ६० वरून ३० वर. वेदना परतली तर मागच्या मात्रेवर जावे. परतली नाही, तर पुढच्या दोन आठवड्यांत गोळी बंद करावी.